काळी मिरी, जांभूळ आणि बरड जमीन : सिराह चाखायला शिकताना

सिराह ही काळ्या द्राक्षाची एक जात आहे आणि तिच्यापासून होणाऱ्या लाल वाइनलाही तेच नाव आहे. ऑस्ट्रेलियात आणि आपल्या नाशिकच्या बाटल्यांवर हीच जात ‘शिराझ’ या नावाने येते, त्यामुळे दुकानात सिराह मागून मिळाली नाही तर शिराझ मागावी. द्राक्ष एकच आहे. ‘पेटिट सिराह’ असे लिहिलेली बाटली मात्र वेगळ्या जातीची असते, हे लक्षात ठेवावे.

हा लेख वरुड-मोर्शीकडच्या, अकोला-बुलढाण्याकडच्या, यवतमाळच्या अशा वाचकांसाठी लिहिला आहे, ज्यांनी वाइन कधी चाखलेली नाही, किंवा एखाद्या समारंभात प्लास्टिकच्या पेल्यातून घोटभर घेऊन ‘हा तर काढा आहे’ असे म्हणत पेला खाली ठेवला आहे. वाइनविषयी जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा आपण कधी न पाहिलेल्या फळांची नावे असतात आणि मग आपल्याला यातले काही कळणार नाही असे वाटू लागते. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याने संत्र्याच्या बागेला ताण दिला आहे, ज्याला काळी जमीन आणि बरड जमीन यांच्या पिकातला फरक जिभेवर कळतो, आणि ज्याच्या स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा रोज उघडला जातो, त्याला सिराह समजण्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान आधीच असते. ते वापरायचे कसे, एवढे शिकावे लागते.

सुरुवात करण्यापूर्वी

वाइन ही दारूच आहे, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. साडेतेरा टक्के मद्यार्क असलेल्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला तर त्यात सुमारे २० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क पोटात जातो. ज्या घरात दारूने संसार मोडलेला आहे, ज्याला स्वतःला कधी व्यसन होते, जी स्त्री गरोदर आहे किंवा ज्याला नंतर मोटारसायकल चालवायची आहे, त्याने हा लेख वाचावा, पण बाटली उघडू नये. आपल्या भागात असे दुःख पाहिलेली घरे कमी नाहीत, म्हणून कोणी नको म्हटले तर त्याला आग्रह करू नये, थट्टेनेही करू नये.

कायद्याची बाजूही पाहावी. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि वाइन त्या बंदीतून सुटलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. नागपूरहून अमरावतीकडे किंवा यवतमाळकडे जाताना आपण कोणत्या जिल्ह्यातून जात आहोत याचा विचार बाटली पिशवीत ठेवण्यापूर्वी करावा. राज्यात इतरत्र वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे आणि परवानाही लागतो. परवानाधारक दुकानात तशी चौकशी केली की रीत सांगतात.

बाटली आणणे

पहिल्या वेळी नाशिक भागातली शिराझ घ्यावी. ती मिळण्यास सोपी आहे, परदेशी बाटलीच्या मानाने बरीच स्वस्त आहे, आणि त्या द्राक्षाची मूळ लक्षणे तिच्यात सापडतात. लेबलवर फक्त ‘शिराझ’ लिहिलेले असावे. ‘कॅबर्ने शिराझ’ असे लिहिले असेल तर त्यात दोन जातींचे मिश्रण आहे. ते वाईट नसते, पण शिकणाऱ्याला त्यातला सिराहचा भाग वेगळा करता येत नाही. लेबलवर ‘रिझर्व्ह’ असा शब्द असेल तर ती वाइन बहुधा काही महिने ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेली असते, आणि त्या लाकडाचा व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या खोबऱ्यासारखा वास द्राक्षाच्या वासात मिसळतो. म्हणून पहिली बाटली साधी घ्यावी आणि दिंडोरी रिझर्व्ह शिराझसारखी बाटली दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवावी.

बाटली कुठे ठेवलेली होती हे मात्र अवश्य पाहावे. एका मे महिन्यात मी तालुक्याच्या गावातल्या दुकानातून एक बाटली आणली. दुकानाच्या पश्चिमेकडच्या काचेला लागून ती उभी होती, आणि बाहेर पंचेचाळीस अंशांची धग होती. घरी आणल्यावर पाहिले तर बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर सरकले होते आणि आवरणाखाली चिकट ओघळ होता. उघडल्यावर फळाचा ताजा वास कुठेच नव्हता. गुळाचा पाक करपायला लागताना येतो तसा जड, शिजलेला वास होता. अशी वाइन अपायकारक नसते, पण तिच्यावरून सिराहविषयी काहीच शिकता येत नाही. म्हणून शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खरेदी करावी, बूच वर आलेले नाही ना हे बोटाने चाचपावे, आणि दर्शनी फळीवर मांडलेल्या बाटलीऐवजी आतल्या खोक्यातली मागावी. पिळून उघडायच्या झाकणाची बाटली मिळाली तर ती कमी प्रतीची समजू नये.

थंड करणे

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे सगळीकडे लिहिलेले असते. ते ज्या खोल्यांविषयी लिहिलेले आहे त्या थंड मुलखातल्या, दगडी भिंतींच्या खोल्या होत. विदर्भातल्या टिनाच्या छपराखालच्या खोलीला तो नियम लावता येत नाही. सिराह १६ ते १८ अंश सेल्सिअसला चांगली लागते. याहून गरम झाली की मद्यार्काची वाफ नाकात चढते आणि बाकी सारे वास तिच्याखाली दबतात. फार गार झाली की वास उमलत नाही आणि तुरटपणा मात्र कडू होऊन पुढे येतो.

ताडायला सोपा उपाय असा, की वाइन माठातल्या पाण्याहून किंचित थंड लागली पाहिजे. बादलीत पाणी आणि बर्फ घालून बाटली मानेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवली की उन्हाळ्यातही ती तेवढी होते. बर्फ नसेल तर बाटलीला ओले सुती फडके गुंडाळून कूलरच्या वाऱ्यासमोर ठेवावी. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने बाटलीही गार होते, फक्त वेळ जास्त लागतो. फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेली बाटली अर्धा तास आधी बाहेर काढावी. वाइनमध्ये बर्फ किंवा पाणी घालू नये.

ग्लास, हवा आणि पहिली नजर

महागडे ग्लास लागत नाहीत. काच साधी व पारदर्शक असावी, आणि ग्लास खाली फुगीर व तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास वर येऊन तिथेच थांबतो. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि धातूचा वास मध्ये येतो. ग्लास धुताना साबणाचा वास राहिला असेल तर नुसत्या गरम पाण्याने पुन्हा धुवावा आणि कपाटात उपडा ठेवला असेल तर आधी हुंगून पाहावा, कारण लाकडी कपाटाचा कोंदट वास काचेला धरतो. प्रत्येकाला ४० ते ५० मिलिलिटर वाढावी. एवढ्यात दोन-तीन वेळा हुंगणे आणि तीन घोट होतात.

सिराहची एक सवय आहे, जी नवख्याला माहीत नसली तर तो चांगली बाटली वाईट समजून बसतो. पिंपात आणि बाटलीत हवा कमी मिळाली तर या जातीच्या वाइनमध्ये गंधकाची संयुगे साचतात, आणि उघडल्याबरोबर विझलेल्या काडीचा, रबराचा, कधी उकडलेल्या अंड्याचा वास येतो. घाबरू नये. वाइन एका स्वच्छ काचेच्या भांड्यात ओतावी, दोन भांडी असतील तर चहा निववतो तशी चार-सहा वेळा वरखाली करावी आणि वीस मिनिटे उघडी ठेवावी. बहुतेक वेळा तो वास उडून जातो आणि त्याच्याखालचे फळ वर येते. याउलट भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा बुरशीचा वास आला तर तो बुचातून आलेला दोष असतो आणि तो हवेने जात नाही. आंबून शिरका झाल्यासारखा झणका आला तर तीही वाइन बिघडलेली समजावी.

रंग पाहण्यासाठी ग्लास वहीच्या पांढऱ्या पानावर तिरपा धरावा. तरुण सिराह दाट असते, पिकल्या जांभळाने रंगलेल्या ओठांसारखी, आणि तिच्या कडेला निळसर जांभळी छटा दिसते. वाइन वयाने वाढते तसा कडेचा जांभळेपणा ओसरून विटकरी रंग येतो. ग्लास फिरवल्यावर काचेवरून उतरणाऱ्या धारांना फार महत्त्व देऊ नये. त्या मुख्यतः मद्यार्कामुळे दिसतात, आणि त्यांच्यावरून वाइनचा दर्जा ठरत नाही.

वास ओळखण्याचा अभ्यास

माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि नवखे लोक तोच घाईने उरकतात. जीभ गोड, आंबट, कडू, खारट अशा मोजक्याच चवी सांगते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतेक नाकाचे काम असते. सर्दी झाली की वरणभात आणि पिठले सारखेच लागते, ते यामुळे.

बाटली उघडण्याच्या आधी पाच-सहा वाट्या मांडाव्यात. एकीत काळी मिरी खलबत्त्यात नुकतीच ठेचून घालावी. दळून ठेवलेली पूड चालत नाही, कारण तिचा वास उडालेला असतो. दुसरीत दोन लवंगा चुरडाव्यात. तिसरीत जांभळे, आणि ती हंगामात नसतील तर जांभळाचा रस किंवा वाळवलेल्या बियांची पूड. चौथीत काळे मनुके. पाचवीत चुलीतून काढलेले अर्धवट जळालेले तुराटीचे टोक. सहावीत जुन्या चामडी वहाणेचा तुकडा ठेवला तरी चालेल. वाट्यांवर पळसाची पाने झाकावीत, डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने एकेक वाटी नाकाखाली धरावी. रोज ज्याच्या फोडणीत वावरतो तो लवंगेचा वास डोळे मिटल्यावर नाव घेऊन सांगता येत नाही, हे पहिल्या वेळी प्रत्येकाच्या अनुभवास येते. वास ओळखीचा असतो, पण नाव येत नाही. तीनदा हा खेळ केला की नाव आणि वास यांची गाठ बसते.

मग ग्लास हातात घ्यावा. आधी न हलवता हुंगावे, नंतर टेबलावर ठेवूनच दोन-तीन वेढे फिरवून पुन्हा हुंगावे. लांब श्वास घेऊ नये. गुलाबाचे फूल हुंगतो तसे दोन-तीन आखूड श्वास पुरतात. नाक थकले असे वाटले तर स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगावी. घरचा ओळखीचा वास नाकाला पुन्हा जागेवर आणतो. सिराहमध्ये आधी काळे फळ सापडते: जांभूळ, पिकून काळी पडलेली तुती, करवंद. त्याच्या मागे मसाला असतो आणि त्यात काळी मिरी सगळ्यांत ठळक असते. काही बाटल्यांत धूर, खारवलेले मांस, चामडे यांची आठवण होते. पुस्तकांत ब्लॅकबेरी, व्हायोलेट, ऑलिव्ह असे लिहिलेले असते. ते खोटे नाही, पण ज्याने ब्लॅकबेरी खाल्लेली नाही त्याने ब्लॅकबेरी लिहू नये. जांभूळ लिहावे.

मिरीच्या वासाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की शिराझमधला मिरीचा वास ‘रोटंडोन’ नावाच्या द्रव्याचा असतो, आणि प्रत्यक्ष काळ्या मिरीतही तेच द्रव्य असते. म्हणजे ही केवळ उपमा नाही. खलबत्त्यातल्या मिरीत आणि ग्लासातल्या वाइनमध्ये खरोखर एकच गोष्ट असते. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे सोळा अब्जांश, एवढे असले तरी ते नाकाला कळू शकते. मात्र त्याच संशोधनात असेही दिसले की सुमारे वीस टक्के माणसांना हे द्रव्य जास्त प्रमाणात असले तरी जाणवत नाही. एकदा आमच्या ओसरीवर चौघे बसलो असताना तिघांना मिरी स्पष्ट येत होती आणि माझा मामेभाऊ मात्र ग्लास पुन्हापुन्हा नाकाशी नेऊन मान हलवत होता. त्याला वाटले आपले नाक अडाणी आहे. तसे काही नव्हते. पुढे घोट घेतल्यावर त्यानेच सगळ्यांच्या आधी सांगितले, “हे त जांभयाच्या बीसारखं तुरट लागते नं भाऊ!” आणि ते वर्णन त्या संध्याकाळचे सर्वांत नेमके वर्णन होते.

घोट

छोटा घोट घ्यावा आणि लगेच गिळू नये. जिभेवरून, हिरड्यांवरून, गालांच्या आतून तो फिरवावा. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढली तर वास घशामागून नाकात जातो आणि जे बाहेरून हुंगताना सापडले नव्हते ते एकदम सापडते. नंतर गिळावे किंवा तस्तात थुंकावे. वाइन परीक्षक थुंकतातच, कारण त्यांना एका बैठकीत अनेक बाटल्या पारखायच्या असतात. आपल्याकडे ते असभ्य वाटते, पण या कामात त्यात काही गैर नाही. ज्याला चव शिकायची आहे पण चढू द्यायची नाही त्याने संकोच करू नये.

आता चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात. आंबटपणा किती आहे हे तोंडात सुटणाऱ्या लाळेवरून कळते. मद्यार्क किती आहे हे घशात उतरताना होणाऱ्या उबेवरून कळते. वाइन तोंडात ताकासारखी पातळ वाटते की दुधासारखी भरलेली, यावरून तिचे अंग कळते. सिराह सहसा भरलेल्या अंगाची असते. चौथी गोष्ट तुरटपणा. तो द्राक्षाच्या साली आणि बियांतल्या टॅनिनमुळे येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, खरबरीत होते. हिरडा चघळल्यावर, टेंभराचे अर्धकच्चे फळ खाल्ल्यावर किंवा बिनदुधाचा कडक चहा प्यायल्यावर हेच होते. नवख्याला तुरटपणा हा दोष वाटतो. परंतु तो कसा आहे हे पाहायला हवे: कच्च्या टेंभरासारखा जीभ धरून ठेवणारा आहे, की पिकल्या जांभळासारखा, फळाच्या गोडव्याला मागून आवर घालणारा? चांगल्या सिराहमध्ये तो दुसऱ्या प्रकारचा असतो.

गिळल्यावर मनात सावकाश आकडे मोजावेत आणि चव किती वेळ टिकते ते पाहावे. दहापर्यंत टिकली तर ठीक, वीसच्या पुढे गेली तर बाटली चांगली आहे असे समजण्यास हरकत नाही.

जमीन समजून घेणे

शिराझ हे इराणमधल्या शहराचे नाव आहे, आणि तिथूनच हे द्राक्ष युरोपात गेले अशी कथा फार वर्षे सांगितली जात होती. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या आणि फ्रान्समधल्या माँपेलिए येथील संशोधकांनी डीएनए तपासून तिचा निकाल लावला. सिराहचे आईबाप दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातलेच निघाले: आर्देश भागातले काळे द्राक्ष ‘द्युरेझा’ आणि साव्हुआ भागातले पांढरे द्राक्ष ‘माँद्यूझ ब्लाँश’.

तिचे माहेर म्हणजे रोन नदीच्या खोऱ्याचा उत्तर भाग. आल्प्स पर्वतात उगम पावणारी ही नदी व्हिएन गावाच्या पुढे अरुंद दरीतून दक्षिणेकडे वाहते आणि तिच्या दोन्ही काठांवर ग्रॅनाइट व शिस्ट दगडांचे कडे उभे आहेत. त्यातल्या ‘कोत-रोती’ या भागाच्या नावाचा अर्थच ‘भाजलेला उतार’ असा आहे, कारण त्या टेकड्या उन्हाकडे तोंड करून आहेत. उतार एवढा खडा आहे की दगडी बांध घालून पायऱ्या पाडल्याशिवाय माती टिकत नाही, ट्रॅक्टर तिथे चढत नाही आणि बहुतेक कामे हातानेच करावी लागतात. ‘मिस्ट्राल’ नावाचा उत्तरेचा जोरदार वारा दरीतून घोंघावत येतो, म्हणून प्रत्येक वेल लाकडी खांबाला बांधतात. त्याच वाऱ्याने पाने कोरडी राहतात आणि बुरशी कमी लागते. दक्षिणेला ताँ गावाच्या डोक्यावर ‘एर्मिताज’ नावाची एकच टेकडी आहे. तिथले सगळे मळे मिळून जेमतेम १४० हेक्टरांच्या आसपास भरतात, तरी जगातल्या सर्वांत मानाच्या सिराह वाइनमध्ये तिची गणना होते. ‘कोर्नास’ची वाइन अधिक काळी आणि कणखर असते. ‘क्रोझ-एर्मिताज’ हा भाग मोठा आहे, त्याची बरीचशी जमीन सपाट आहे आणि वाइन मऊ व तुलनेने स्वस्त असते. फ्रान्सची पहिली बाटली घ्यायची झाली तर मी हीच सुचवीन.

आता आपल्या शेताशी ताडून पाहू. काळ्या कसदार जमिनीत, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत द्राक्षाचा वेल लावला तर तो पाने आणि फांद्या भरपूर काढतो, मणी मोठे आणि पाणचट होतात. बरड, मुरमाड उतारावर पाणी निथळून जाते, वेलाला ताण बसतो आणि मणी बारीक राहतात. मणी बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. रंग सालीत असतो, टॅनिन सालीत असते, मिरीच्या वासाचे रोटंडोनही सालीतच असते. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचे पाणी तोडणाऱ्या वरुडच्या बागायतदाराला ताणाचे महत्त्व कोणी सांगावे लागत नाही. संत्र्यात ताण फुलासाठी देतात, वाइनच्या द्राक्षात तो मण्याच्या सालीसाठी उपयोगी पडतो. पण झाडाला थोडे आवळून धरल्याशिवाय हवे ते फळ मिळत नाही, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

हवामानाचा परिणामही ग्लासात दिसतो. थंड भागात आणि थंड वर्षी सिराहमध्ये मिरी जास्त येते, अंग सडपातळ राहते, आंबटपणा टवटवीत असतो. ऊन वाढते तसे फळ जॅमसारखे दाट होते, चॉकलेटची आठवण येते आणि मद्यार्क वाढतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातले बारोसा खोरे या दुसऱ्या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. जेम्स बझबी याने १८३२ साली युरोपातून ऑस्ट्रेलियात नेलेल्या काड्यांमध्ये सिराहही होती. पुढे फायलोक्सेरा किडीने युरोपचे मळे उद्ध्वस्त केले, पण ती कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचली नाही, म्हणून १८४० च्या दशकात लावलेले काही वेल तिथे आजही फळ देतात. आपल्याकडे नव्वद वर्षांचे चिंचेचे झाड पाहिले तरी आपण थबकतो. तिथे पावणेदोनशे वर्षांच्या वेलाची द्राक्षे तोडली जातात.

नाशिकची गोष्ट आणखी वेगळी आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदा छाटला जातो आणि सप्टेंबरच्या आसपास द्राक्षे निघतात. नाशिकला तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळाची छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. मणी हिवाळ्याच्या थंड रात्रींत वाढतात, आणि उन्हाळा तापण्याआधी, जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत तोडणी होते. त्यामुळे नाशिकच्या शिराझमध्ये उन्हातले पिकलेले फळ आणि थोडी मिरी असे दोन्ही एकत्र सापडते. पाहायला जायचे असेल तर तोडणीच्या दिवसांत जावे. बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून भुसावळमार्गे नाशिक रोडला थेट गाड्या आहेत. मळ्यात परवानगी घेऊन एक मणी तोडून खावा. साल जाड असते, बिया मोठ्या असतात आणि गोडी खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त असते. नुसती साल वेगळी चावली की ग्लासातला तुरटपणा कुठून येतो ते दातांखाली कळते.

जेवणासोबत

सावजी रस्सा आणि सिराह एकत्र घेऊ नयेत. मिरचीच्या जाळाने मद्यार्क अधिक जळजळीत लागतो, तुरटपणा कडू होतो, आणि रश्श्याची चवही हरवते. ठेच्याचेही तेच. याउलट, तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, मिरची हात राखून घातलेले, हे सिराहसोबत फार चांगले जमते, कारण वांग्याच्या सालीचा धूर आणि वाइनमधला धूर एकमेकांना हाक देतात. सोबत ज्वारीची भाकर आणि वरून कच्चे तेल असावे. मटण आवडणाऱ्यांनी मिरी आणि मीठ लावून भाजलेले मटण करावे. चरबीने आणि मांसाच्या प्रथिनांनी तुरटपणा मऊ होतो. पुरणपोळी किंवा कोणताही गोड पदार्थ सोबत ठेवू नये, वाइन लगेच आंबट लागू लागते.

वही आणि दुसरा दिवस

प्रत्येक बाटलीसाठी वहीचे एक पान ठेवावे. तारीख, नाव, द्राक्षाचे वर्ष, रंग, पहिले तीन वास, तुरटपणा कशासारखा, चव किती आकड्यांपर्यंत टिकली, एवढे पुरे आहे. जे आठवले तेच लिहावे, मग ते पावसात भिजलेल्या गोठ्याच्या भिंतीसारखे का असेना. शेजाऱ्याने काय लिहिले ते आधी पाहू नये. सगळ्यांचे लिहून झाल्यावर मोठ्याने वाचावे.

चौघांनी चाखल्यावर बाटलीत बरीच वाइन उरते. ती संपवलीच पाहिजे असे मानू नये. झाकण किंवा बूच घट्ट लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी. तीन-चार दिवस चांगली राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटे आधी बाहेर काढून पुन्हा दोन घोट घ्यावेत आणि कालच्या ओळींखाली आजच्या ओळी लिहाव्यात. पुष्कळदा आदल्या दिवशी न सापडलेली मिरी दुसऱ्या दिवशी सापडते, आणि फळ थोडे मागे गेलेले असते. महिनाभराने दुसरी बाटली पिंपात मुरलेली घ्यावी, तिसरी जमल्यास ऑस्ट्रेलियाची किंवा क्रोझ-एर्मिताजची, आणि तिन्ही पाने एकाशेजारी एक उघडून वाचावीत.